किंजळवाडीचं पाणी

आम्ही वाडी सोडली ती कोळशाच्या ट्रकवर बसून. शिमगा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. ठेकेदाराने डोंगराच्या खांद्यापर्यंत कच्चा रस्ता आणला होता, तिथे ट्रक उभा होता. पोत्यांच्या थप्पीवर घोंगडी अंथरून आबाने मला वर चढवलं. आबा म्हणजे माझे वडील. बरोबर एक पत्र्याची पेटी होती, एक तांब्या, नाचणीच्या पिठाचं गाठोडं आणि आबाची कुऱ्हाड. खाली जाऊन शेतात गडी म्हणून राहायचं तर कुऱ्हाड लागणारच, असं तो म्हणाला होता.

आई दोन हंडे घेऊन तिथवर आली होती. ती आम्हाला पोचवायला आली होती असं मी आजवर लोकांना सांगत आले, पण ते खरं नाही. ती पाण्याला निघाली होती आणि तिथवर आमची वाट एकच होती.

"पोरीला लई उनात बशिवू नगा," ती आबाला म्हणाली. मग मान वर करून मला म्हणाली, "तितं पानी रग्गड हाय म्हनं. डोसकं धूत जा येवस्थित. जटा झाल्यात बघ."

मी हो म्हटलं. ड्रायव्हर अजून बिडी ओढत होता, तेवढ्यात ती वळली आणि धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या पायवाटेला लागली. ऊन चढायच्या आत तिला भरलेले हंडे घेऊन परत यायचं होतं. ट्रक सुरू झाला तेव्हा ती खालच्या वळणाआड गेली होती.

तेव्हा मी तेरा वर्षांची असेन. आज ऐंशीच्या घरात आहे आणि पुण्याजवळच्या भुकूमला बसून हे लिहिते आहे. किंजळवाडीहून भुकूम किती लांब? मोटारीने गेलं तर सकाळी निघून जेवायला परत येता येतं. माझी नात म्हणते, आजी, याला काय स्थलांतर म्हणायचं, लोक अमेरिकेत जातात. तिचं बरोबर असेल. पण वाडीवरच्या ज्या माणसांसाठी मी हे लिहिते आहे, जे वर राहिले ते आणि जे मुंबईला, पौडला, पुण्याला पांगले ते, त्यांना सांगायला नको. परत जायला पाणीच उरलं नाही, म्हणजे माणूस किती लांब जातो ते आपल्याला ठाऊक आहे.

नव्या पिढीला वाडी माहीत नाही म्हणून थोडं सांगते. धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आपली आठ घरं. घरांच्या खाली भाताची खाचरं, एकाखाली एक. घरांच्या वर चढ, आणि त्या चढावर एका उंबराच्या मुळाशी पाणी. त्या जागेला नावच उंबराचं पाणी. दगडात हंडाभर खोलीचा खळगा होता. तो बारा महिने भरलेला असायचा, आणि त्यातून सांडलेलं पाणी खाचरांकडे जायचं. वैशाखातसुद्धा तिथे हात घातला की बोटं बधिर व्हायची. उंबराच्या वर, पार कड्यापर्यंत, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशी झाडी इतकी दाट होती की दुपारी आत गेलं तर डोळे सरावायला वेळ लागायचा. आपणही झाडं तोडत नव्हतो असं नाही. भाताचं रोप टाकायच्या जागी राब भाजायला फांद्या लागायच्या, चुलीला सरपण लागायचं. पण फांदी तोडली की पुढच्या वर्षी फुटायची, आणि कुठल्या झाडाला हात लावायचा नाही हे बायकांना पाठ होतं.

मी पाच-सहा वर्षांची असताना ठेकेदार आला. पुण्यात घरोघरी शेगड्या होत्या, हॉटेलं होती, इस्त्रीवाले होते. त्या सगळ्यांना कोळसा हवा होता आणि आपल्या डोंगरांवर तो उभा होता. सुरुवातीला पलीकडच्या उताराची झाडं गेली. ती तोडायला आणि भट्ट्या लावायला कातकरी कुटुंबं आली. पालापाचोळ्याची खोपटं करून ती भट्टीशेजारीच राहायची. आबाला ठेकेदाराने मुकादम केलं, कारण तो भागातला होता आणि बोलायला खमका होता. आपल्या घरावर गवताऐवजी पत्रा आला तो त्याच वर्षी. वाडीतला पहिला पत्रा. पहिल्या पावसात त्याचा असा आवाज झाला की आम्ही हसत बसलो. हेही लिहायला हवं. आम्हाला तेव्हा वाईट वाटत नव्हतं. आमचे चांगले दिवस आले असंच आम्हाला वाटत होतं.

भट्ट्यांवरच्या माणसांत भाग्या नावाचा एक कातकरी होता. अंगाने वाळलेला, चाळिशीचा. भट्टी लावावी तर त्यानेच. लाकडं उभी रचायची, वर पाला, त्यावर माती लिंपायची, आणि पोटात विस्तव सोडायचा. मग आठ-दहा दिवस ती धुमसत राहायची. भाग्या धुराकडे बघून सांगायचा, अजून ओलं हाय, आता आलं. पांढरा धूर निळसर झाला की तो भोकं बुजवायचा. एक क्षण चुकला तर सगळ्या लाकडाची राख. मी त्याच्याजवळ तासन् तास बसायचे. कोळशाचा तुकडा दगडावर टाकून नुसत्या आवाजावरून तो मला झाड ओळखायला लावायचा.

चार हंगाम असे गेले. पाचव्या हंगामाला लांबची झाडी संपली. ठेकेदाराचा माणूस वर आला, त्याने उंबराच्या पाण्यावरच्या चढाकडे बोट केलं आणि आबा हो म्हणाला. तो चढ आपल्याच मालकीचा होता, आपला आणि दोन भावकीच्या घरांचा. कुणाची परवानगी काढायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कुऱ्हाडी घेऊन वर गेली. मीही गेले. भाग्या उंबरापाशी थांबला. तो खळग्यातलं पाणी ओंजळीने प्यायला आणि त्याने कुऱ्हाड दगडाला टेकवून ठेवली.

"मुकादम, हितली न्हाई तोडायची," तो म्हणाला.

"का रं?"

"ह्या झाडांच्या मुळ्यांत तुमचं पानी हाय. ही गेली की त्ये बी जाईल."

आबा हसला. "पानी दगडातनं येतंय. झाड काय पानी देतंय व्हय? उलट पितंय त्येच."

"मी भट्टीवाला हाय, मुकादम. झाड तोडू नगा म्हनून माझं प्वाट भरायचं न्हाई. पर हितलं मी न्हाई तोडनार."

सगळे आबाकडे बघत होते. भावकीतली माणसं होती, ठेकेदाराचा माणूस होता. एका कातकऱ्याने सगळ्यांसमोर नाही म्हटलं होतं. आबाचा चेहरा लाल झाला. त्याने भाग्याला तोंडाला येईल ते बोलून घेतलं, ते मी इथे लिहीत नाही. भाग्या खाली मान घालून ऐकत राहिला. मग कुऱ्हाड उचलून तो उतरला, आणि त्याच दुपारी बायको-मुलं घेऊन दुसऱ्या डोंगराकडे चालता झाला.

पहिलं झाड आबाने स्वतः तोडलं. जांभूळ होतं, फुलावर आलेलं. ते पडलं तेव्हा वरून एकदम ऊन आलं, पाण्यापर्यंत. मी पडलेल्या खोडावर चढून नाचले. इतकी उंच फांदी मी कधी हाताला लागलेली पाहिली नव्हती.

त्या दिवशी आईने आबाला ताट वाढलं आणि म्हणाली, "पान्याच्या डोस्क्यावरचं पांघरून काडलंत तुमी." एवढंच. पुन्हा त्याविषयी ती कधी बोलली नाही. कधीच नाही. हे बोलणं मला तिच्या कुठल्याही शिवीपेक्षा जास्त आठवतं.

त्या वर्षी पाऊस आला आणि गेला. पाणी होतं तसंच राहिलं. आबा येता-जाता खळग्याकडे बोट दाखवायचा, "बघा, आटलं का? त्यो भाग्या शानाच!" लोक माना डोलवायचे. मलाही भाग्याचा राग आला, उगाच आम्हाला घाबरवून गेला म्हणून.

पुढच्या आषाढात माती खाली आली. एकदम कडा कोसळला असं काही झालं नाही. धो-धो पावसात चढावरून लाल पाणी वाहत राहिलं, चार दिवस, आणि पाऊस उघडल्यावर बघितलं तर वरची तीन खाचरं खडी-मुरमाने भरली होती. भाताची रोपं बोटभर वर दिसत होती, बाकी गाडलेली. आम्ही सगळे घमेल्यांनी मुरूम उचलत होतो. एका बाजूने उचलायचा, दुसऱ्या दिवशी तेवढाच खाली यायचा. तोडलेल्या झाडांचे बुंधे वर दातांसारखे उभे होते आणि त्यांच्यामधून माती निसटत होती. ती धरून ठेवायला तिथे काही उरलं नव्हतं.

त्या पौषात खळगा पहिल्यांदा रिकामा दिसला. एक हंडा भरायला मग झिरपेल तसं पाणी करवंटीने उपसावं लागायचं. बायका ओळीने बसायच्या, एकीचं झालं की दुसरी. बोलणं आधी थट्टेचं असायचं, नंतर कुणाचा नंबर यावरून भांडणं होऊ लागली. सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीलाच पाणी गेलं, आणि उंबराची पानं गळाली ती नीट फुटलीच नाहीत.

खाली धरण होतं. आपल्या अंगणातून ते निळंशार दिसायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढं पाणी डोळ्यांसमोर आणि घरात तांब्या कोरडा. उतरायला पाऊण तास, भरलेले हंडे घेऊन चढायला दीड. पूर्वी त्या वाटेवर सावली होती, बायका मध्ये टेकायच्या; ती झाडंही भट्ट्यांत गेली होती. आता दहा वाजल्यापासून दगड भाजायचे.

जी घरं जाऊ शकत होती ती गेली. आबाने भुकूमला एका शेतकऱ्याकडे गडी म्हणून बोली केली. त्यांना आम्ही पाटीलकाका म्हणायचो. पण घरात आजा होता, आबाचा बाप. त्याला अंथरुणातून उठवत नव्हतं. ट्रकवर घालून न्यायचं म्हटलं तर तो ओरडायचा, मला हितंच मरू द्या. शेवटी आईच म्हणाली, "तुमी जावा पोरीला घेऊन. म्हाताऱ्याला टाकून मी खाली पानी प्यायला येऊ व्हय?"

म्हणून आम्ही दोघं ट्रकवर आणि ती पायवाटेवर, असं झालं.

भुकूमला पाटीलकाकांच्या विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन होतं. त्याचा ठक-ठक आवाज सुरू झाला की पाइपातून माझ्या मांडीएवढी जाड पाण्याची धार थारोळ्यात, विहिरीकाठच्या दगडी कुंडात, पडायची. पहिल्या दिवशी मी त्या धारेखाली कपड्यांसकट बसले. पाटीलकाकू हसायला लागल्या, "अगं, पोहतेस काय त्यात!" मी डोकं धुतलं. दुसऱ्या दिवशीही धुतलं. आठवडाभर रोज धुतलं. आमची झोपडी विहिरीपासून वीस पावलांवर होती आणि कुणाशी न भांडता मला हवं तेवढं पाणी मिळत होतं. मी तिथे फार आनंदात होते. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पाटीलकाकूंनी मला शाळेत घातलं. सकाळी शाळा, दुपारी शेतात खुरपणी. तेरा वर्षांची मी, पहिलीच्या पोरांत बसायचे आणि गुडघे पोटाशी घ्यायचे. शाळेतल्या बाई मला संध्याकाळी घरी बोलवून शिकवायच्या. त्यांच्याकडे शेगडी होती. एकदा त्या कोळसे घालताना म्हणाल्या, "या वेळचा कोळसा काय छान खणखणीत आलाय." माझ्या हातात तुकडा होता. मी तो फरशीवर आपटून म्हटलं, "किंजळ हाय, बाई." त्यांना फार नवल वाटलं. "आहे म्हणायचं. पण तुला कसं कळलं?" मी 'आहे, आहे' असं पुटपुटत बसले. पौड रस्त्यावरून रोज तशा पोत्यांचे ट्रक पुण्याकडे जात होते. शेतात काम करताना आबा त्यांच्याकडे पाठ करून वळायचा.

संक्रांतीला आम्ही दोघं वर गेलो. आई वाळली होती, पण मला बघून तिचा चेहरा उजळला. चुलीवर घंगाळभर पाणी तापत होतं. "ये, न्हायाला काडलंय," ती म्हणाली. मी बसले. तिने माझे केस सोडले, शिकेकाई लावली, आणि मी तांब्यामागून तांब्या अंगावर ओतून घेतला, भुकूमला ओतायचे तसाच. घंगाळ संपलं तेव्हा मी आणखी आहे का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "बास झालं की आता. गोरी झालीस."

दुपारी मी शेजारच्या काकीकडे गेले. काकी म्हणाली, "न्हालीस का गं? तुज्या आयनं तीन दिस सांजच्यालाबी येक खेप जास्तीची केली तुज्यासाटी. मी म्हनलं, अगं पोर तितं रोज न्हातीया, कशाला मरतीस? तर म्हनती, हितं यून पारोशी बसंल का माझी पोर?"

मी परत आले. आई राखेने भांडी घासून ती सुक्या पानांनी पुसत होती. आजाने पाणी मागितलं, तिने फुलपात्र अर्धं भरून त्याच्या तोंडाला लावलं. काय बोलायचं असतं, हे तेरा-चौदाव्या वर्षी कळत नाही, आणि ती वेळ पुन्हा आली नाही.

चैत्रात आजा गेला. आम्ही गेलो, दिवस घातले. तेराव्याला आबा म्हणाला, "चल आता. झालं की समदं." आईने पाटीही भरायला घेतली होती. पण गाय व्यायला टेकली होती. त्या अवस्थेत तिला डोंगर उतरवता आलं नसतं, आणि काकीकडे पाणी कमी म्हणून ती घ्यायला तयार नव्हती.

"आठ दिस द्या," आई म्हणाली. "व्याली की वासरासंगं खालच्या गावात कुनालातरी देते आन ट्रकवर बसून येते. ट्रकवर बसायची हौस हायच मला." ती हसली. आबाही कितीतरी दिवसांनी हसला. पाटीलकाकांचा भुईमूग काढायचा होता म्हणून आम्ही दोघं उतरलो.

सहाव्या दिवशी कोळशाचा ट्रक भुकूमला आमच्या शेताच्या बांधाशी थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने टोपी काढली. आबाच्या हातातलं भुईमुगाचं झाड तसंच राहिलं.

गाय व्याली होती. व्यालेल्या गाईला पाणी लागतं. त्या दिवशी आई सकाळी एक खेप करून दुपारी पुन्हा उतरली होती. वैशाखातली दुपार. संध्याकाळ झाली तरी ती आली नाही म्हणून काकी बघायला गेली. चढाच्या मध्यावर, जिथे पूर्वी हिरड्याखाली बायका टेकायच्या, तिथे ती उघड्या दगडाला पाठ लावून बसली होती. ऊन लागलं होतं. दोन्ही हंडे तिने नीट सपाट जागा बघून ठेवले होते. एक थेंब सांडला नव्हता. तू हंड्यातलं पाणी का प्यायली नाहीस, असं तिला विचारावंसं मला अजून वाटतं.

गाय आणि वासरू काकीने पुढे खालच्या गावात दिलं. आम्ही वाडीला परत जायचं बंद केलं.

आबा त्यानंतर सात वर्षं जगला. कामात कसर नव्हती, पण बोलणं संपलं होतं. त्या वर्षांत मी सातवीची परीक्षा पास झाले, प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले. आबाला पेढा दिला तर त्याने तो कपाळाला लावून तसाच हातात धरला. कुणी विचारलं, मुकादम, गाव का सोडलं, तर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "पानी आटलं." भुकूमची विहीर, लोकांचं हसणं, माझं लग्न, सगळं तो लांबून बघितल्यासारखा बघायचा.

एकदाच त्याला मोकळं बोलताना मी ऐकलं. भुकूमच्या ओढ्याकडे वीटभट्टी लागली होती. तिथे कामाला आलेल्या कुटुंबांत भाग्या होता, केस पांढरे झालेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. आबानेच त्याला ओळखलं. हाताला धरून झोपडीत आणलं आणि घोंगडीवर आपल्या शेजारी बसवलं. आमच्या लोकांत तेव्हा कातकऱ्याला असं कुणी बसवत नसे. मी चहा दिला.

मग आबा म्हणाला, "भाग्या, तवा तू जोर लावून का न्हाई बोल्लास? माझं पाय धरून आडवायचं हुतंस मला."

भाग्याने चहाची बशी खाली ठेवली. "आमचं कोन ऐकतंय, मुकादम?"

"मी ऐकलं असतं."

"न्हाई," भाग्या शांतपणे म्हणाला. "न्हाई ऐकलं असतं. आन मी तरी काय केलं? म्होरल्या डोंगराव जाऊन भट्ट्या लावल्याच की. तितलंबी पानी गेलं आसंल. मी बघाया न्हाई थांबलो. प्वाट हुतं मागं."

आबाने मान खाली घातली आणि तो रडला. आई गेली तेव्हा तो रडला नव्हता. भाग्या त्याच्या पाठीवर हात ठेवावा की ठेवू नये अशा विचारात थोडा वेळ होता, मग त्याने तो ठेवला.

आता भुकूमचं सांगते. पाटीलकाकांची विहीर बुजवली, तिच्यावर बारा मजल्यांची इमारत आहे. मी राहते त्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो. बायका व्हॉट्सअ‍ॅपवर टँकरच्या वेळा टाकतात आणि कुणाच्या विंगला आधी पाणी गेलं यावरून भांडतात. ती भांडणं मला नवी नाहीत. जो पाऊस पूर्वी महिनाभर पडायचा तो दोन दिवसांत कोसळतो आणि मागच्या टेकडीवरचा मुरूम थेट पार्किंगमध्ये येतो. उन्हाळ्यात माझ्या खोलीत एसी लावून दिला आहे. त्याच्या मागच्या तोंडातून गरम हवा बाहेर जाते, तिथे खाली रस्ता झाडणारी बाई डोक्यावर पदर घेऊन बसते. मी एसी बंद करते, मुलगा येऊन पुन्हा लावतो.

माझी नात क्लायमेट चेंजवर कॉलेजचा प्रोजेक्ट करते आहे. कार्बन, जंगलतोड, तापमान, तिने मला सगळं चित्रं काढून समजावलं. समुद्र वाढतील म्हणाली, बर्फ वितळेल, कोट्यवधी लोक गाव सोडतील. मी ऐकत होते. मला जगाचं काही कळत नाही, पण एका डोंगराचं कळतं. तो धूर मी पाहिला आहे. पांढरा, मग निळसर, कड्यावरून वर जाऊन दिसेनासा व्हायचा. दिसेनासा झाला म्हणजे संपला, असं आम्ही धरून चाललो होतो. ज्यांच्या शेगड्या पेटल्या त्यांना आमचा डोंगर माहीत नव्हता, आणि आम्हाला त्यांच्या शेगड्या. प्रत्येक जण आपापल्या भाकरीपुरतं बघत होता. त्यात दुष्ट असा कुणीच नव्हता. माझा बाप दुष्ट नव्हता. तरीही पाणी गेलं, आणि ज्या बाईने एकही झाड तोडलं नव्हतं ती त्या उन्हात बसून मेली.

नातीने विचारलं, "आजी, तुमचं मूळ गाव कुठलं गं?"

मी आयुष्यभर या प्रश्नाला भुकूम असं उत्तर दिलं. शाळेच्या दाखल्यावर तेच आहे, पेन्शनच्या कागदावर तेच. खोदून विचारलं तर आबाचं उत्तर द्यायचं, पाणी आटलं म्हणून निघालो. आपण सगळेच असं म्हणतो. लग्नात, मयतीला भेटलो की म्हणतो, काय करणार, पाणी आटलं. जणू ते आपल्यावर रुसून आपण होऊन गेलं.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "किंजळवाडी." तिने वहीत लिहून घेतलं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, का सोडली? मी सांगितलं, "आम्ही पाण्यावरची झाडं तोडली. पहिलं माझ्या वडिलांनी तोडलं. मी तिथे होते."

तिचं पेन थांबलं. हे लिहू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, लिही, आणि तुझ्या पणजीचं नाव लिही, सरूबाई. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

वाडीच्या माणसांनो, तुम्हालाही एवढंच मागते. पोरांनी विचारलं तर खरं सांगा. घर म्हणावं असं माझ्याकडे आता तेवढंच उरलं आहे.